मिस इंडिया झालेल्या मुलींचं पुढे काय झालं? (आईच्या शिवणाच्या वहीवरून)

उरेबपट्टी
नमस्कार मंडळी. आमची ठाण्याच्या नौपाड्यातली बिल्डिंग अखेर रिडेव्हलपमेंटला गेली, महिनाभर नुसती आवराआवर चाललीये, आणि परवा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली तर जुन्या रजयांखाली आईची एक वही सापडली. वही म्हणजे ब्राऊन पेपरची पानं मधोमध दुमडून मशीनवर शिवून घेतलेली, दोरा पांढरा होता तो आता पिवळा पडलाय. आईने तीसेक वर्षं घरी ब्लाऊज शिवले, राम मारुती रोडपासून चरईपर्यंतच्या बायका यायच्या. त्यातल्या काहीजणी फेमिना नाहीतर ईव्हज वीकलीचा अंकच घेऊन यायच्या, अहो हिचा गळा बघा, मला अस्साच पाहिजे. तो फोटो मग आई कापून खळीने वहीत चिकटवायची आणि बाजूला पेन्सिलीने लिहायची, गळा पुढून साडेपाच, मागून सात, बाही कोपराच्या दोन बोटं वर, उरेब पट्टी लावणे.

त्यात निम्मे फोटो मिस इंडियांचे आहेत. नावं नाहीत, फक्त सालं. आईला इंग्रजी वाचता यायचं नाही, तिच्यासाठी त्या सगळ्या "पट्टा घातलेल्या मुली". परवा रात्री चहा पिताना ती एकेक पान उलटत होती आणि मला म्हणाली, "ह्या पोरींचं पुढे काय झालं गं? बऱ्या आहेत ना सगळ्या?" आणि मला चारच सांगता आल्या, ऐश्वर्या, सुश्मिता, जुही चावला, झीनत अमान. सगळ्या सिनेमातल्या. बाकीच्यांबद्दल मला काहीच सांगता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय. एक दिवस अख्खा देश ज्यांच्याकडे बघत होता त्या सिनेमात दिसल्या नाहीत की आपल्या लेखी त्या संपल्या, असं का व्हावं? ज्यांना जे खात्रीने माहीत असेल ते लिहा प्लीज, मी आईला वाचून दाखवणार आहे. गॉसिप नको.

चेकनाक्यापलीकडे
मस्त धागा. मी मुलुंडकर, त्यामुळे पहिला मान आमच्या युक्ता मुखीचा. १९९९ ची मिस वर्ल्ड, आमच्या वझे-केळकर कॉलेजची झूऑलॉजीची विद्यार्थिनी! ४ डिसेंबर १९९९ ला लंडनला तिने मुकुट घेतला तेव्हा मुलुंड पूर्वेला काय वातावरण होतं ते शब्दात नाही सांगता येणार, ट्रेनमध्ये, रिक्षात, भाजीवाल्याकडे, सगळीकडे "आपल्या केळकरची मुलगी". तिला सिनेमात फार काही मिळालं नाही हे खरं, पण ती जिंकली तेव्हा आमच्या कॉलेजच्या कितीतरी उंच मुली ज्या वाकून चालायच्या त्या सरळ चालायला लागल्या, हे मी डोळ्याने पाहिलंय.

तलावपाळी
वाचतेय. आईंना नमस्कार सांग.

जुनं_ठाणं
पहिल्यापासून सुरू करू या. १९४७ ला पहिली मिस इंडिया झाली ती प्रमिला. मूळ नाव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, कलकत्त्याच्या बगदादी ज्यू कुटुंबातली. सिनेमात आधीपासून होती, वय ३१, लग्न झालेलं, आणि किताब मिळाला तेव्हा ती पाचव्यांदा गरोदर होती! पुढे सिल्व्हर फिल्म्स नावाने स्वतःची निर्मिती संस्था चालवली, सोळा सिनेमे काढले. ज्या काळात बाईने निर्माती होणं ही कल्पनाच कुणाला झेपत नव्हती त्या काळात. नवरा कुमार हे सुद्धा नट, ते १९६३ च्या सुमाराला पाकिस्तानात गेले, ही इथेच राहिली. २००६ ला गेली. आणि गंमत बघा, तिची मुलगी नकी जहाँ १९६७ ला ईव्हज वीकलीची मिस इंडिया झाली (तेव्हा फेमिना आणि ईव्हज वीकली दोघेही आपापली मिस इंडिया निवडायचे). आई आणि मुलगी दोघी मिस इंडिया अशी ही एकच जोडी. मुलगा हैदर अली म्हणजे दूरदर्शनच्या नुक्कडमधला, चेहरा आठवेल बघा.

दुसरी इंद्राणी रहमान. १९५२ ला अमेरिकेत लाँग बीचला मिस युनिव्हर्स स्पर्धा पहिल्यांदा भरली त्यात भारताकडून ही गेली होती. तिचंही लग्न झालेलं, वास्तुविशारद हबीब रहमान यांच्याशी पंधराव्या वर्षी, एक मूलही होतं. पण तिची खरी ओळख नाचाची. भरतनाट्यम, कुचिपुडी आणि विशेष म्हणजे ओडिसी, ओडिशाबाहेर हा नाच फारसा कुणाला माहीतही नव्हता तेव्हा तिने तो शिकून देशभर आणि परदेशात नेला. १९६९ ला पद्मश्री. नंतर न्यूयॉर्कला ज्युलियार्ड या कलाशाळेत शिकवलं. १९९९ ला तिथेच गेली.

पामबीच_नेरूळ
थांबा थांबा, म्हणजे तेव्हा लग्न झालेल्या, मूल असलेल्या बायका चालत होत्या?? आणि २००४ ला निवडून आलेल्या मुलीला "लग्न झालंय की नाही" ह्या वादात मुकुट सोडावा लागला होता, तो मग आपल्या सायली भगतकडे आला, नाशिकच्या. मला ते पेपरात वाचलेलं पक्कं आठवतंय. म्हणजे पन्नास वर्षांत आपण पुढे गेलो की मागे?

जुनं_ठाणं
तेव्हा नियमच इतके घट्ट झाले नव्हते. घट्ट झाले ते नंतर. आणि आता पुन्हा सैल होतायत, मिस युनिव्हर्सने २०२३ पासून विवाहित आणि आई असलेल्या बायकांना परवानगी दिली, २०२४ पासून वयाची वरची अटही काढली. इंद्राणी रहमान जिथून निघाली होती तिथे सत्तर वर्षांनी परत आले.

उरेबपट्टी
बापरे, किती माहिती. आईला प्रमिलाचं वाचून दाखवलं, तर तिचा पहिला प्रश्न "मग पोट दिसत असेल की, काय घातलं होतं तिने?" तिचं लक्ष आधी कपड्याकडेच जातं, तीस वर्षं तेच केलंय. इंद्राणी रहमान वहीत नाही पण आईला ती एकटी नाव घेऊन आठवली, नाचाच्या कार्यक्रमाचा फोटो कुठेतरी बघितला होता म्हणे, आणि काष्ट्यासारखं शिवलेलं ते नाचाचं धोतर कसं शिवतात हे तिला तेव्हा शिकायचं होतं.

वहीतलं सगळ्यात जुनं पान १९६६ चं आहे. साडीतली उंच मुलगी, केस वर बांधलेले.

डॉ_खारघर
१९६६ आणि उंच म्हणजे रीता फारियाच असणार! धाग्याची वाटच बघत होते, कारण ही आमच्या कॉलेजची. ग्रँट मेडिकल, जेजे. माटुंग्यात वाढलेली गोव्याच्या कुटुंबातली मुलगी, मेडिकल करता करता मिस बॉम्बे झाली, ईव्हज वीकलीची मिस इंडिया झाली आणि नोव्हेंबर १९६६ ला लंडनला मिस वर्ल्ड. आशियातली पहिली. सट्टेवाल्यांनी तिच्यावर ६६ ला १ भाव लावला होता, म्हणजे कुणाच्या गिनतीतच नव्हती. पर्समध्ये तीन पौंड. पोहण्याचा पोशाख आदल्या वर्षीच्या फेमिना मिस इंडियाकडून, पर्सिस खंबाटाकडून, उसना नेलेला, तो हिच्या मापाला बसेना म्हणून त्या तीन पौंडांतून तिथे नवा घ्यावा लागला.

आणि नंतर? वर्षभर करार होता तेवढा पाळला, व्हिएतनामला अमेरिकन सैनिकांसमोर विनोदी नट बॉब होपच्या कार्यक्रमात गेली त्यावरून इथे टीका पण झाली, आणि वर्ष संपल्यावर मॉडेलिंग सिनेमा सगळं बाजूला ठेवून परत मेडिकलला. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिकली. १९७१ ला डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी लग्न, पुढे डब्लिनला संसार, मुली, नातवंडं. आम्ही हॉस्टेलला असताना रात्री अ‍ॅनाटॉमी करून करून डोकं फुटायची वेळ आली की कुणीतरी म्हणायचंच, "रीता फारियाने मुकुट सोडून हे केलं, आपल्याला फक्त झोप सोडायचीये." मी पण म्हटलंय, खूपदा.

लोक म्हणतात तिने एवढी संधी सोडली. मला ते कधीच पटलं नाही. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि ती झाली, मुकुट हा त्यातला एक वर्षाचा थांबा होता.

कामोठे_टू_सीएसएमटी
डॉक्टर, ग्रँट मेडिकलचं नाव काढलंत म्हणून, आमच्या पनवेलच्या डॉ. अदिती गोवित्रीकर विसरू नका! त्या पण जेजेच्याच. पनवेलची मुलगी, एमबीबीएस झालेली, मॉडेलिंग केलं आणि २००१ ला मिसेस वर्ल्ड, हा किताब भारताला पहिल्यांदा मिळवून दिला तो त्यांनी. दुसऱ्यांदा मिळायला २०२२ उजाडलं, सरगम कौशल. अदितींनी नंतर मानसशास्त्राचं शिक्षण घेतलं, समुपदेशनाकडे वळल्या. पनवेलला आमच्या पिढीतल्या प्रत्येक घरात आयांनी एकदा तरी म्हटलंय, बघ, डॉक्टर पण झाली आणि सुंदर पण आहे, तू अभ्यासाला बस.

डॉ_खारघर
हो!! कसं विसरले. रीता फारिया आणि अदिती गोवित्रीकर, एकाच कॉलेजातून, पस्तीस वर्षांच्या अंतराने. आणि २०१७ ची मानुषी छिल्लर पण मेडिकलचीच, हरियाणात सोनीपतला शिकत होती.

उरेबपट्टी
आत्ताच आईला वाचून दाखवलं. रीता फारियाचं ऐकताना ती एकदम सावरून बसली. "डॉक्टर झाली?" दोनदा विचारलं. मग बराच वेळ त्या पानावरून हात फिरवत होती. १९६६ ला आई अठरा वर्षांची होती, मॅट्रिकला चांगले मार्क होते, तिला नर्सिंगला जायचं होतं आणि आजोबांनी जाऊ दिलं नाही. हे मला माहीत होतं पण ते पान आणि हे मी कधी जोडून बघितलं नव्हतं. त्या पानावर माप लिहिलेलंच नाहीये. बाकी प्रत्येक पानावर आहे, ह्याच्यावर नाही.

आणि पोशाख मापाला बसला नाही त्याबद्दल तिचं म्हणणं, उसना कपडा द्यायचा तर आधी दोघींची छाती कंबर मोजायची, कुणीतरी बाई होती की नाही तिथे बघायला?

तलावपाळी
वाचून घशात आवंढा आला.

पामबीच_नेरूळ
पर्सिस खंबाटाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? १९६५ ची फेमिना मिस इंडिया, मुंबईची पारशी मुलगी. हॉलिवूडला गेली आणि १९७९ च्या पहिल्या स्टार ट्रेक सिनेमासाठी डोक्यावरचे सगळे केस काढले! विचार करा, सौंदर्याचा किताब मिळालेली मुलगी कामासाठी पूर्ण टक्कल करते. १९८० ला ऑस्करच्या मंचावर पुरस्कार द्यायला उभी होती. नंतर इकडे परत आली, १९९७ ला तिने मिस इंडियांवरच एक पुस्तक काढलं, प्राईड ऑफ इंडिया, आणि ते मदर तेरेसांना अर्पण केलं. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत हार्ट अटॅकने गेली. ४९ वर्षांची. म्हणजे तुमच्या आईचा प्रश्न तिला आपणहून पडला होता आणि तिने बसून तो लिहून काढला होता.

चेकनाक्यापलीकडे
आणि तिच्या आधीची, १९६४ ची पहिली फेमिना मिस इंडिया मेहेर मिस्त्री, लग्नानंतर मेहेर कॅस्टेलिनो. पुढे तिने फॅशनवर लिहायला घेतलं आणि कित्येक दशकं लिहीतच राहिली. आपल्याकडे फॅशन पत्रकारिता म्हणून जे काही उभं राहिलं त्यातलं सुरुवातीचं मोठं नाव. उरेबपट्टी, तुझ्या आईकडे येणाऱ्या बायका जी पानं दाखवायच्या तशा पानांमागे नंतर हिच्यासारख्यांचं लिखाण होतं.

घोडबंदर_२०
मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. वैयक्तिक कौतुक ठीक आहे पण ह्या स्पर्धांनी मुलींचं भलं केलं असं म्हणणं मला जड जातं. १९९४ ला सुश्मिता आणि ऐश्वर्या दोघी जिंकल्या, त्याच काळात बाजार उघडला होता, पुढच्या सहा वर्षांत आणखी चार किताब आले, डायना हेडन, युक्ता, लारा, प्रियांका, आणि त्याच वेळी गल्लोगल्ली ब्युटी पार्लर आणि गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती. १९९६ ला बंगळूरला मिस वर्ल्ड झाली तेव्हा केवढा विरोध झाला होता.

आणि हे मी लांबून बोलत नाहीये. सात वर्षांपूर्वी माझ्या पुतणीला, तेव्हा एकोणीस वर्षांची, एका मॉलमध्ये कुणीतरी कार्ड दिलं, आमची स्पर्धा आहे, तुझ्यात आहे ते, फक्त पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करावा लागेल. बत्तीस हजार. वहिनीने भिशीचे दिले. फायनल एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये, पंधरा मुलींना पंधरा किताब, मिस फोटोजेनिक, मिस स्माईल, मिस हेअर. आमच्या हिला मिस कॉन्फिडन्स. तो पट्टा घरी आणला आणि घरी आल्यावर दिसलं की त्यावर स्पेलिंग चुकीचं. ती पोर रात्रभर रडली, तिला स्पेलिंगचं नव्हतं वाईट वाटत, वहिनीचे पैसे गेले ह्याचं. आज ती ऐरोलीला नोकरी करते, छान चाललंय तिचं, पण फोटो काढायचा म्हटलं की अजून बाजूला होते.

उरेबपट्टी
घोडबंदर, राग कसला. तुझ्या पुतणीचं वाचून मलाच वाईट वाटलं. असे लोक आमच्या ओळखीतल्या एका मुलीला पण भेटले होते, तिथे रक्कम जास्त होती. तू म्हणतोस ते बाजाराचं खरंच आहे आणि मी स्पर्धेची बाजू घेत नाहीये. पण बाजार ज्यांनी केला ते आणि ती एकवीस-बावीस वर्षांची मुलगी, हे मला एक नाही वाटत. माझा प्रश्न तिच्याबद्दल आहे.

खाडीकिनारा
मधू सप्रेचं घ्या मग. आपली मराठी मुलगी, मूळची खेळाडू, अ‍ॅथलीट. १९९२ ला बँकॉकला मिस युनिव्हर्समध्ये शेवटच्या तिघींत. प्रश्न आला, देशाची प्रमुख झालीस तर पहिलं काय करशील, आणि ही म्हणाली खेळासाठी मोठं मैदान, स्टेडियम बांधीन. मुकुट गेला तो ह्या उत्तरामुळे असं तेव्हापासून सगळे म्हणत आलेत. गरिबी हटवीन म्हणाली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या! मी स्वतः दादोजी कोंडदेव स्टेडियमवर धावायला शिकलो, त्यामुळे मला ते उत्तर आजही शंभर टक्के बरोबर वाटतं. खेळाडू मुलीला मैदानच आठवणार, आणि ते तिने खरं खरं सांगितलं.

पुढे १९९५ ची ती बुटांची जाहिरात, मिलिंद सोमणबरोबर, त्यावर अश्लीलतेचा खटला. किती वर्षं चालला माहितीये? चौदा. २००९ ला सुटले. तोपर्यंत तिने इटालियन माणसाशी लग्न केलं होतं, रिच्चोने म्हणून समुद्रकाठचं गाव आहे तिथे राहते, घरचा आइस्क्रीमचा धंदा, एक मुलगी. तिचं नाव इंदिरा.

तलावपाळी
चौदा वर्षं!!

पामबीच_नेरूळ
तिच्या पुढच्या वर्षीची १९९३ ची नम्रता शिरोडकर, ती पण मराठी. आणि तिची आजी मीनाक्षी शिरोडकर, १९३८ च्या ब्रह्मचारी सिनेमात पोहण्याच्या पोशाखात, यमुनाजळी खेळू खेळ. माझी पणजी सांगायची म्हणे की तेव्हा लोक नावं ठेवायचे आणि परत परत तिकीट काढून बघायला पण जायचे. आजीने १९३८ ला जे केलं त्यावर गदारोळ झाला आणि नातीला पंचावन्न वर्षांनी त्याच पोशाखात किताब मिळाला. नम्रताने २००५ ला तेलुगू नट महेशबाबूशी लग्न केलं आणि सिनेमा सोडला, हैदराबादला असते. तिने का सोडला, नवऱ्याने सोडायला लावला का, हे विचारणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय.

डॉ_खारघर
स्वरूप संपत! १९७९. बायका तिला ये जो है जिंदगी ही मालिका आणि शृंगार कुंकवाच्या जाहिरातीमुळे ओळखतात, पण तिने पुढे जे केलं ते फार कमी लोकांना माहितीये. शिकण्यात अडचण असणाऱ्या मुलांना नाटकाच्या माध्यमातून कसं शिकवायचं ह्यावर तिने इंग्लंडच्या वूस्टर विद्यापीठातून पीएचडी केली, लग्न झाल्यावर, दोन मुलगे झाल्यावर. गुजरातमध्ये सरकारी शाळांमधल्या मुलांबरोबर, शिक्षकांबरोबर काम करते. २०१९ ला ग्लोबल टीचर प्राइझच्या जगातल्या शेवटच्या दहा शिक्षकांत ती होती. माझ्या क्लिनिकमध्ये डिस्लेक्सियाची मुलं येतात, आईवडील आधी वर्ष दीड वर्ष मुलाला आळशी म्हणून मारत असतात. अशा मुलांसाठी कुणी नाटक घेऊन वर्गात जातं ही किती मोठी गोष्ट आहे ते मला रोज दिसतं.

जुनं_ठाणं
लीला नायडू राहिली. १९५४. वडील शास्त्रज्ञ, पॅरिसला मेरी क्युरींबरोबर काम केलेले. व्होगने जगातल्या दहा सुंदर बायकांत नाव घेतलं. अनुराधा सिनेमात किती साधी दिसते, आणि किती खरी. मोजकेच सिनेमे केले. दोन लग्नं, दुसरं कवी डॉम मोराइस यांच्याशी, दोन्ही मोडली. शेवटची वर्षं कुलाब्यात, फार कमी लोकांत, २००९ ला गेली. तिच्याबद्दल सुख दुःखाचा हिशेब मला करता येत नाही, पण सिनेमे मिळत असताना "हे मला नको" म्हणता येणारी ती होती एवढं नक्की.

आणि ठाणे जिल्ह्याचं म्हणून सांगतो, नूतन. ती मिस मसुरी झाली होती, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तिचं मुंब्र्याला डोंगरावर घर होतं. आमच्या लहानपणी मुंब्रा स्टेशन आलं की वडील लोकलच्या खिडकीतून डोंगराकडे बोट दाखवायचे आणि आम्ही बोगदा येईपर्यंत बघत राहायचो. १९९१ ला कॅन्सरने गेली.

कामोठे_टू_सीएसएमटी
नफिसा जोसेफ. १९९७. मला तिच्याबद्दल लिहायला जड जातंय पण यादीत ती नसेल तर ती यादी खोटी. एमटीव्हीवर यायची, प्राण्यांसाठी काम करायची. जुलै २००४ ला स्वतःचा जीव घेतला, २६ वर्षांची होती. मी तेव्हा कॉलेजात होते, लग्न ठरलेलं तिचं, पेपरवाल्यांनी जे जे छापलं ते आठवलं की अजून संताप येतो. कुणीही त्या काळोखात असेल तर प्लीज कुणाशी तरी बोला, घरात, मैत्रिणीशी, डॉक्टरांशी.

डॉ_खारघर
+१. आणि मुकुट उतरल्यावरचा काळ किती अवघड असतो ते कुणी बोलत नाही. वर्षभर चोवीस तास गाडी, मेकअप, कार्यक्रम, आणि एका रात्रीत पुढची मुलगी उभी राहते. २०२१ ची मिस युनिव्हर्स हरनाज संधू, तिला सीलिअ‍ॅक आहे, गहू चालत नाही, वजन वाढलं तर लोकांनी काय काय लिहिलं तिला. मुकुट डोक्यावर असतानाच!

खाडीकिनारा
झीनत अमानचं एक सांगतो, १९७० ला तिला मिस इंडिया नाही मिळालं, तिसरी आली, मग मिस एशिया पॅसिफिक जिंकली. आणि २०२३ ला सत्तरी ओलांडल्यावर इन्स्टावर आली, पांढरे केस तसेच ठेवून. माझी बायको रोज वाचते तिचं.

चेकनाक्यापलीकडे
गुल पनाग पण. १९९९ ची. वैमानिकाचं लायसन्स घेतलं, २०१४ ला चंदीगडमधून लोकसभेला उभी राहिली, पडली, पण उभी राहिली.

उरेबपट्टी
काल रविवार होता, दुपारी सगळं एका दमात आईला वाचून दाखवलं. नफिसाचं वाचू की नको असं झालं होतं, शेवटी वाचलं. आई काही बोलली नाही. वहीत १९९७ चं काही नाही, तोवर आईचे डोळे अधू झाले होते आणि शिवण बंद झालं होतं, तरी तिने वही मिटून मांडीवर ठेवली आणि उठून देवाजवळ दिवा लावला. दुपारचे तीन वाजले होते.

संध्याकाळी जरा मोकळी झाली तेव्हा मी तिला सुश्मिता सेनची गोष्ट सांगितली, तिने स्वतः टीव्हीवर सांगितलेली. १९९४ ला मिस इंडियाच्या फायनलला डिझायनर कपडे घ्यायची ऐपत नव्हती, मायलेकी दिल्लीच्या सरोजिनी नगर मार्केटमधून कापड घेऊन आल्या, घराखाली गॅरेजमध्ये एक टेलर बसायचा, परकर शिवणारा, त्याला आईने सांगितलं की टीव्हीवर दिसणार आहे, नीट शिव. त्याने तो गाऊन शिवला, उरलेल्या कापडाचं आईने फूल केलं, आणि हातमोजे म्हणून नवे पायमोजे कापून वापरले. आणि त्या कपड्यात ती ऐश्वर्याच्या पुढे गेली.

आईचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. "परकर शिवणारा म्हणजे त्याला घेर कळणारच", असं म्हणाली, आणि मग मला लॅपटॉपवर तो गाऊन दाखवायला लावला. फोटो मोठा करून, चष्मा वर करून, खांद्याजवळ बोट ठेवून म्हणाली, मुंढा बघ किती साफ बसलाय, कुठे चुणी नाही, हे घाईचं काम नाही गं, ह्याने रात्री जागून केलंय. त्या माणसाचं नाव काय विचारत होती. तिला सुश्मितापेक्षा त्याचं पुढे काय झालं ते हवं होतं.

घोडबंदर_२०
उरेबपट्टी, माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण तुझ्या आईची ती वही बघायला मला यायचंय. पुतणीला घेऊन येऊ का? तिला मी हा धागा पाठवला होता, रात्री दीड वाजता तिचा मेसेज आला, "काका ती स्टेडियमवाली बाई मला आवडली."

उरेबपट्टी
या ना, नक्की या. एक तारखेपर्यंत आम्ही इथेच आहोत, मग दोन वर्षं भाड्याने वर्तकनगरला. पुतणीला सांग फोटो काढायचा नाही कुणाचा, फक्त चहा आणि वही.

जुनं_ठाणं
वहीत नकी जहाँ आहे का बघ. १९६७.

उरेबपट्टी
आहे! १९६७ चं एकच पान आहे, बिनबाह्यांचा ब्लाऊज, बाजूला आईने लिहिलंय "काखेत अस्तर दुहेरी". तुमच्या प्रतिसादावरून आईला सांगितलं की हिची आई पहिली मिस इंडिया, तेव्हा पोटुशी असलेली तीच, तर ती म्हणाली मग तिचा फोटो कुठाय, एकटी कशाला ठेवायची पोरीला.

आज गोखले रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रमिलाचा फोटो प्रिंट करून आणला. आईने नकी जहाँच्या पानाजवळचे टाके ब्लेडने एकेक करून उसवले, नवीन पान कापून मधे घातलं, फोटो खळीने चिकटवला आणि हाताने परत शिवून घेतलं, जुन्याच भोकांतून. सुई तेवढी मी ओवून दिली. प्रमिलाच्या फोटोखाली तिने पेन्सिलीने लिहिलंय, "१९४७. सोळा सिनेमे काढले. मुलगी समोरच्या पानावर." आणि मग मागे जाऊन १९६६ च्या कोऱ्या पानावर, "डॉक्टर."